पाठीला लागलेली माती

आमच्या पैलवानांचा राग नाकावर असतो, आन् माझा जिभेवर. मोहिनी म्हनती, माय, तुमचं दोघांचं लगीन कुनी जमवलं? मी म्हनते, ज्यानं जमवलं त्यो पुन्हा आमच्या दारात आला न्हाई, भ्याला असंल.

पैलवान म्हंजे माझे मालक. नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई, पन तुमाला कळाया पायजे म्हनून सांगते: म्हाळू. केजच्या बाजारात जुन्या मानसांला इचारा, म्हाळू पैलवान म्हनलं की अजून माना हलवतेत. जत्रेच्या कुस्तीत ह्यांच्या पाठीला कवाच माती लागली न्हाई, असं ह्येच सांगतेत. मी लगीन होऊन आले तवा कुस्त्या बंद झालत्या, म्हनून खरंखोटं मला ठावं न्हाई. पन ऐकून ऐकून कान किटले माझे. पाठ लागली की मानूस संपला, ह्यो त्यांचा शब्द. जेवताना त्योच, शेळ्या राखताना त्योच, पोरगी रांगत होती तवा तिला बी त्योच.

ती पोरगी, आमची मोहिनी, आता केजला कॉलेजात जाती. तिथं मोंढ्याजवळ एका गाळ्याच्या माडीवर प्रविण सर म्हनून एक तरनाताठा मानूस जुजुत्सू शिकवतो. पुण्याला शिकून आलाय. पोरीनं घरी सांगितलं तवा पैलवानांला वाटलं, कुस्तीच हाय. लई खूश झाले. तिच्यासाठी शेळीचं दूध येगळं काढून ठिवाया लागले. त्या खेळाचं पांढरं जाकीट असतंय, गी म्हनत्यात त्याला. घोंगड्यागत जाड. धुतलं की मी एका टोकाला आन् मोहिनी दुसऱ्या टोकाला धरून पिळायचं. कुंपनाच्या कुपाटीवर वाळत टाकलं की शेळ्या त्याचा पट्टा चघळाया येतेत. जळ्ळं मेलं ते जाकीट, पन घातल्यावर पोरगी लई ऐटीत दिसती, हे बी खरं.

मागल्या साली बीडला स्पर्धा होती. पैलवान नवा फेटा बांधून गेले. मी घरीच, शेळ्या कोन बघनार? तर दिवस कलायच्या आधीच ह्ये एकटेच परत. वहाना काढल्या न्हाईत, पानी मागितलं न्हाई.

"पडली," म्हनले. "पाठीवर पडली. मी उठून आलो."

मला भडभडून आलं. पोरगी हरली म्हनून न्हाई वो, तिला तिथं एकटी टाकून बाप उठून आला म्हनून. मी म्हनलं, "आवं, पडली तर पडली, तिला संगं घेऊन तरी यायचं!" ह्ये तसेच शेळ्यांकडं निघून गेले.

दिवेलागणीला जीप थांबली आन् मोहिनी उतरली, तर गळ्यात पदक! मी येडी, एकदा पदकाकडं बघते आन् एकदा तिच्या तोंडाकडं.

"माय, जिंकले मी. आबा कावून निघून आले?"

"आगं, तू पाठीवर पडलीस म्हनं."

"पडले न्हाई, मीच खाली बसले. आमचा निम्मा खेळ पाठीवरनंच असतो." मंग ती दारातच बसून मला हातवारे करून सांगाया लागली. पाठ टेकली म्हनून संपत न्हाई. वर जो बसलाय त्याला पायात धरायचं. त्याचं वजन अंगावरनं बाजूला सरकवायचं. दम खायचा. त्यो घाई करतो आन् हात पुढं करतो, मंग त्योच हात धरायचा. "समोरच्या पोरीचा हात सापडला माझ्या पायांत. तिनं दोनदा हात आपटला, मी सोडलं. झालं."

"हात आपटला म्हंजे?"

"म्हंजे बास, आता सोड. समोरच्यानं आपटला की तिथल्या तिथं सोडायचं. आपटनारा काय लहान होत न्हाई माय, उद्या परत खेळाया येतो."

शेळ्यांच्या शेडमधनं पैलवानांचा आवाज आला, "आमच्यात मांडीवर हात मारतेत. लढायला. सोडा म्हनायला न्हाई!"

तवापासनं त्यांनी त्याला लोळायचा खेळ म्हनाया सुरुवात केली. पदक हातात घेऊन बघितलं न्हाई. दुधाचा गिलास तेवढा बंद केला न्हाई. तिच्या दप्तराजवळ ठिवायचे आन् तोंड फिरवून जायचे.

उन्हाळ्यात ह्यांच्या अंगावरनं वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय. अंबाजोगाईला दवाखान्यात ठिवलं, जीव वाचला, हळूहळू काठीनं चालाया लागले. बोलनं जड झालं. राग होता तसाच ऱ्हायला, त्याला काय वारं लागलं न्हाई.

एक दिवस मी पाला आनाया गेलते, मोहिनी कॉलेजात. परत येऊन बघते तर बाज रिकामी. हाक मारली, वो न्हाई. शेडमधी गेले आन् माझ्या हातातला भारा खाली पडला. पैलवान लेंड्यांत उताने पडलेले. तोंडावर ऊन आलेलं, ओठ सुकून पांढरे, आन् आमची चांदी शेळी त्यांचं कपाळ चाटतीय. सकाळीच पडलते. शेजारी बंकट भाऊजींचं घर हाकेवर, भाऊजी दिवसभर घरातच होते.

कसंबसं उठवून बाजेवर आनलं, पानी पाजलं, मंग इचारलं, "हाक कावून मारली न्हाई?"

तांब्या खाली ठिवला. मंग म्हनले, "पाठीवर पडलेलं कुनी बघाया नको."

मला त्यांला धरून बडवावंसं बी वाटलं आन् पोटाशी घ्यावंसं बी वाटलं. बडवलं तर न्हाई, पन बोलले लई. "असली कसली तुमची इज्जत? मी आले नसते तर शेळ्यांनी तुमचं तेरावं घातलं असतं!" बोलता बोलता मलाच रडू फुटलं.

सांजच्याला मोहिनीनं सगळं ऐकून घेतलं. गी घडी करून कोनाड्यात ठिवला आन् म्हनली, "उद्यापासनं मी आबांजवळ बसते. कॉलेज नको, क्लास नको." पैलवानांनी भिंतीकडं तोंड केलं. शेळ्यांमागं मला जावंच लागतंय. ह्या मानसाला घरी एकटं सोडता येतंय का न्हाई, एवढाच सवाल होता. पडला तर उठंल का, आन् न्हाई उठता आलं तर हाक मारंल का. न्हाई मारनार असंल तर पोरगी घरात अडकनार आन् बाप बाजेवर वाळनार.

सकाळी उठून बघते तर मोहिनी अंगनात घोंगडं हातरून उतानी पडलेली. उजवा हात ओढनीनं कंबरंला बांधलेला, उजव्या पायाला काठी बांधून पाय ताठ केलेला.

"आगं बया, हे काय थेर?"

"आबांचं अंग कसं चालतंय ते बघती. सर म्हनतेत, खाली अडकल्यावर आधी धडपड बंद करायची. श्वास घ्यायचा. मंग बघायचं, आपलं काय काय मोकळं हाय."

आन् लागली उठाया. डावा हात टेकवला की कलंडायची. परत टेकवला, तोंडावर आपटली, नाकाला माती. पैलवान पडवीत बाजेवर. तोंड पलीकडं, पन डोळा इकडंच. मी चुलीपाशी बसून दोघांकडं बघतीय. पोरगी पुन्हा उठाया गेली, पुन्हा पडली. आन् मंग पैलवानांच्यानं ऱ्हावलं न्हाई.

"आगं ये! हात आधी न्हाई! कंबर! आधी कंबर फिरव, कुशीवर ये, मंग कोपर!"

वारं गेल्यापासनं एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. माझी भाकरी तव्यावर जळाली, जळू दे म्हनलं.

मोहिनी तशीच पडल्या पडल्या म्हनली, "मला न्हाई कळत आबा. खाली येऊन दाखवा की."

पैलवानांनी मान वळवली. रस्त्याकडं बघितलं, मंग बंकट भाऊजींच्या दाराकडं. मला कळलं. धुतलेलं लुगडं घेतलं आन् रस्त्याच्या बाजूनं दोरीवर पसरून टाकलं. भाऊजींच्या बाजूनं मोहिनीचा गी टाकला. पैलवानांनी माझ्याकडं बघितलं, मी चुलीकडं बघितलं.

मंग त्ये उतरले. आधी बसले, मंग मोहिनीनं मानेखाली हात दिला आन् ह्ये पाठ टेकून आडवे झाले. आपनहून. डोळे मिटून घेतले होते.

"आता काय करू?"

"आता काय बी करू नका. श्वास घ्या. घाई न्हाई, तुमाला कुनी दाबून धरलं न्हाई." मंग म्हनली, "आन् दमलात, दुखलं, तर जमिनीवर दोनदा हात आपटा. मी थांबते."

"आपटनार न्हाई."

"बरं."

असं रोज सुरू झालं. डावी कूस, डावं कोपर, मंग तळवा, मंग गुडघा. डावा पाय पुढं घ्यायचा आन् शेळी बांधायच्या खुंट्याला धरून उभं व्हायचं. ऐकाया सोपं हाय, पन घामानं बंडी भिजायची. ह्ये मधीच तिला शिव्या द्यायचे. ती हसायची आन् म्हनायची, शिव्या द्यायला दम लागतो आबा, दम साठवा. कधी ती चुकायची आन् ह्ये सांगायचे, कधी ह्ये चुकायचे आन् ती. कोन कुनाला शिकवतंय ते मलाच कळंना.

हात तेवढा आपटत नव्हते. एकदा पायात गोळा आला, तोंड लालभडक झालं, दात खाल्ले, पन हात न्हाई. मोहिनीनंच बघून थांबवलं. पाय चोळता चोळता म्हनली, "आबा, एकदा माझा हात असाच अडकला होता. मी ताठ्यानं आपटला न्हाई. खांद्यात कट् झालं, म्हैनाभर येनी घालता येत नव्हती. तुमाला सांगितलं न्हाई, गाडीवरनं पडले म्हनलं. समोरच्याला आपन सांगितलंच न्हाई तर त्यानं वळखायचं कसं?"

पैलवानांनी डाव्या हातानं तिचा खांदा चाचपला. शेळीचा पाय लचकल्यावर चाचपतेत, अगदी तसा. मी पदर डोळ्याला लावला आन् धूर झालाय म्हनलं.

शेवटी एक दिवस ह्ये आपले आपन उभे ऱ्हायले. खुंटा सोडला आन् डाव्या हातानं मांडीवर असा शड्डू ठोकला की परत पडता पडता वाचले. "आवं बास की तमाशा!" मी वरडले, पन हसत होते. मोहिनी कॉलेजात जाया लागली, क्लासला जाया लागली, मी शेळ्यांमागं. माझा जीव मातर घरातच. उठता येतंय, ते खरं. पन ज्या दिवशी उठता येनार न्हाई, त्या दिवशी ह्यो मानूस तोंड उघडनार हाय का? बरं, इचारावं तर राग.

दिवाळी होऊन गेलती. दुपारी बंकट भाऊजी आमच्या अंगनात पान लावत बसलते, मी तूर निवडत होते. पैलवान शेडमधी करडांकडं. तेवढ्यात शेडचा पत्रा वाजला. धाड, धाड.

"शेळी ढुसन्या देतीय," भाऊजी म्हनले.

परत वाजला. दोनदा. आन् थांबला.

मी सूप टाकून पळत सुटले. पैलवान उताने पडलेले, चांदीचं दावं त्यांच्या डाव्या पायाला गुतलेलं, ती वढतीय तसं आवळतंय. हात अजून पत्र्यावर होता. माझ्यामागं भाऊजी आलते, त्ये ह्यांनी बघितलं, तरी हात खाली घेतला न्हाई.

"चांगला पाय अडकलाय," म्हनले. "सगळं करून बघितलं. माझ्या एकट्यानं न्हाई व्हत."

आवं, आख्ख्या संसारात असं वाक्य मी ह्या मानसाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. चांदीला मागं ढकललं तरी गाठ सुटंना. सुटली एकदाची. भाऊजी वाकले, काखेत हात घालाया लागले.

"थांब बंकट. दावं सोडाया बोलावलंतं. उठतो मी."

पडून ऱ्हायले. श्वास घेतला. कंबर फिरवली, कुशीवर आले, कोपर, तळवा, गुडघा. खुंट्याला धरलं आन् उभे ऱ्हायले. भाऊजी तोंडात पान तसंच धरून बघत होते.

पाठ मातीनं भरलेली, लेंड्या चिकटलेल्या. मी पदरानं झटकाया गेले, तर माझा हात धरला त्यांनी.

"ऱ्हाऊ दे," म्हनले. "मोहिनीला दाखवायचीय."

मंग सांजपतोर दारात बसून ऱ्हायले, जीपची वाट बघत. शेजारी दुधाचा गिलास. पाठ भिंतीला टेकू दिली न्हाई, माती झडंल म्हनून.