लाल फडक्यातली हत्यारं

१९५६च्या राज्य पुनर्रचनेत जंगलापलीकडचं धारणी गाव दुसऱ्या राज्यात जायला तीनेक आठवडे उरले होते. त्याआधी तिथवर मोटरसायकल पिटाळायचीच, असं सिंधीपुऱ्यातल्या दिगंबर मास्तरांनी ठरवलं. पाने, पकड, प्लग, पंक्चरचं सामान हौसेनं जमवलं. खंडेनवमीला कुसुमनं, त्यांच्या बायकोनं, ते पूजलं आणि लाल फडक्यात बांधलं. शेजारीच स्वयंपाकघरातल्या हत्यारांचंही तसलंच गाठोडं होतं.

दसऱ्याला मास्तर पहाटेच निघाले. भर जंगलात क्लचची तार तुटली. गाठोडं सोडलं, तर आत झारा, अडकित्ता अन् सांडशी! त्या खिळखिळ्या सांडशीनं तार पिळता पिळता मास्तरांच्या नाकी नऊ आले.

संध्याकाळी ते तणतणत घरी परतले. कुसुम त्यांच्या नव्या पकडीनं चुलीवरचं पातेलं उतरवत होती.

“दोन वर्षं नवी सांडशी मागत होते,” ती म्हणाली, “आज मिळाली.”