तळाचा चहा

दादाची थोरली नात रुपाली लग्न होऊन डोंबिवलीला गेली, ते २०२३ साल. त्या मे महिन्यात, लग्नाच्या हॉलमध्येच, दादाच्या छातीत पहिल्यांदा धडधडलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ दत्ताराम, गिरणीतला जुना जॉबर, कामगारांचा मुकादम. करी रोडच्या चाळीत आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. डॉक्टरांनी सांगितलं, ठोके बेताल आहेत. गोळ्या दिल्या आणि बजावलं, चहातलं कॅफिन दिवसाला शंभर मिलिग्रॅमच्या आत ठेवा.

"दोनच ग्लास पितंय," दादा म्हणाला.

दोन ग्लासांत किती असतं ते आमच्यापैकी कोणाला ठाऊक? मला चैन पडेना. रात्री भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू आला नाही तरी मी उठून बसायचो.

दादाची धाकटी नात मेघना परळच्या कॉलेजात एमएस्सी करत होती. चहातलं कॅफिन मोजणं हाच तिचा प्रोजेक्ट. त्याच कॉलेजच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काचेची भांडी धुतली. आमच्या वेळी कॅफिन काढायला चहाचं पाणी क्लोरोफॉर्मबरोबर घुसळायचे आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतायचे. संध्याकाळी माझं डोकं जड व्हायचं, जेवणाला चव लागायची नाही. मेघनाने ते सगळं बाद केलं होतं. ती नुसतं गरम पाणी वापरायची आणि यंत्रात पाण्याबरोबर थोडं अल्कोहोल. दिवसभराचं उरलेलं पाणी एका लहान बाटलीत मावायचं.

"सर म्हणाले, जुन्या पद्धतीशी आकडा जुळला तरच मानीन," ती म्हणाली.

"जुळला?"

"तीनदा जुळला, आजोबा."

"मग दादाचा चहा मोज."

दादाला सांगितलं तर तो हसला. "च्या मोजूक कॉलेजात नेतस? मगे माकाच ने, थयच पितंय."

दुसऱ्या दिवशी शांतावहिनीने थर्मास भरून दिला. मी तो छातीशी धरून परळपर्यंत चालत गेलो. मेघना काम करत होती तोवर मी तिच्या मागे येरझाऱ्या घालत होतो. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, बसा नाहीतर बाहेर जा. टेबल हलतंय." मी बाहेर गेलो. अर्ध्या तासाने तिने आकडा सांगितला, ग्लासाला बत्तीस.

मी घरी आलो तो थेट दादाच्या दारात. "पी रे दादा. दोन काय, तीन पी."

तो तीन प्यायला लागला.

जुलै संपता संपता त्याची धडधड वाढली. दुपारी झोपला की दचकून उठायचा आणि गॅलरीत कठडा धरून उभा राहायचा. मी मेघनावर चिडलो. "तुझं ते पाण्यावरचं मोजणं चुकतंय. क्लोरोफॉर्मने बरोबर यायचं."

ती आवाज न चढवता म्हणाली, "मोजणं चुकत नाही, आजोबा. तुम्ही आणलात तो चहा थोरले आजोबा पितात तोच होता ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून मी दादाच्या घरात बसून राहिलो. वहिनीने सगळ्यांना चहा दिला. टोपात तळाशी चोथा आणि घोटभर चहा राहिला, तो तिने तसाच ठेवला. दहा वाजता त्यात पाणी आणि चमचाभर पूड टाकून काळा होईपर्यंत उकळला आणि गाळून दादाला दिला. दुपारी त्याच चोथ्यावर पुन्हा पूड. गिरणीतल्या तिसऱ्या, रात्रीच्या पाळीहून येणाऱ्या माणसाला असाच लागायचा. गिरणी बंद पडली, टोप तसाच राहिला.

"वहिनी, थर्मासात हाच दिला होता?"

"काय बोलता भाऊजी. कॉलेजातले सर बघणार, त्यांच्यापुढे तळाचा पाठवू? लोक काय म्हणतील? ताज्या दुधाचा केला होता, आलं घालून."

मी दादाच्या हातातला ग्लास काढून घेतला, बाटलीत ओतला आणि निघालो. मेघनाने दोनदा मोजला. ग्लासाला एकशे अठरा.

मी दादाला आकडा सांगितला. तो म्हणाला, "इतकी वर्सां पितंय, तेवा खय मेलंय?" पण त्या दिवसापासून त्याने चहा सोडला. वहिनीने टोप घासून माळ्यावर टाकला. चहा सुटल्याने दादाचं डोकं दुखायचं आणि छातीतली धडधड काही थांबत नव्हती.

मेघनाने आपल्या प्रोजेक्टमध्ये एक ओळ वाढवली: घरचा नमुना, माणूस पितो त्या वेळी, त्याच्याच भांड्यातून घ्यावा. मी डॉक्टरांना विचारलं, चहानेच झालं का? ते म्हणाले, तसं म्हणता येणार नाही, हृदय आधीच थकलेलं होतं. चहाने झालं नाही, असंही म्हणता येणार नाही, हे मात्र ते बोलले नाहीत. तीन पी, असं मीच सांगितलं होतं.

माझा भाऊ दत्ताराम १४ सप्टेंबर २०२३ रोजी, गुरुवारी सकाळी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वारला.