पाचवी पेनल्टी

टीव्हीवर सकाळपासून तेच दळण चालू होतं. या स्पर्धेत आपला संघ याआधी चार वेळा उतरला, तीन वेळा बाद फेरीपर्यंत गेला आणि तिन्ही वेळा पेनल्टीवर हरून घरी आला. एवढंसं सांगायचं, पण सांगणाऱ्याच्या तोंडाला काय पाणी सुटलं होतं म्हणून सांगू. आणि दरवेळी त्या पहिल्या पराभवाची जुनी फिल्म लावायचीच. एक लांब केसांचा तरुण चेंडू ठेवतो, मागे जातो, धावत येतो, चेंडू खांबावर आपटतो आणि तो तरुण तिथंच खाली बसतो. तो माझा नवरा.

आता त्याला टक्कल आहे आणि आमचं काचेचं दुकान आहे. दुकान काही हौसेनं काढलेलं नाही. त्या पराभवानंतर आमच्या खिडक्या इतक्या वेळा फुटल्या, की काच बसवणारा आमच्याकडे यायलाच घाबरू लागला. मग नवरा स्वतःच शिकला. मी तेव्हा पोटुशी होते. रस्त्याच्या बाजूला खिडकी नाही अशी घरात एकच जागा होती, न्हाणीघर. तिथं पाट टाकून मी रात्री काढल्यात. दूधवाल्यानं दूध बंद केलं, नवऱ्याच्या सख्ख्या चुलत्यानं ओळख दाखवायचं बंद केलं. नाव पडलं 'खांब'. अजूनही तो रस्त्यानं निघाला की कुणीतरी टवाळ विजेच्या खांबावर टकटक करतो. नवरा हसतो. मला नाही बाई हसू येत.

आणि मुलगा निघाला तो फुटबॉलवालाच. मी त्याला बुद्धिबळ आणून दिलं, गिटार आणून दिली. त्यानं गिटारची पेटी आडवी टाकून तिचा गोलपोस्ट केला. पुढं तो देशाच्या संघात गेला, कप्तान झाला, लोक पेढे मागायला यावेत तसे सह्या मागायला येऊ लागले. सगळ्यांना अभिमान वाटायचा. मला फक्त धडधड व्हायची. कारण कप्तान म्हटलं की पेनल्टी आली, आणि पेनल्टी म्हटलं की मला न्हाणीघरातला तो पाट आठवतो.

म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही.

"पेनल्टीवर गेलं तर तू मारायची नाहीस," मी म्हणाले.

"आई, मी कप्तान आहे. शेवटची माझीच असते."

"असू दे. कोच विचारतो ना कोण मारणार म्हणून? तू हात वर करायचा नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

मागे कुणाचं तरी हसणं ऐकू येत होतं. मी पुन्हा म्हणाले, "तुझी बायको आता अवघडलेली आहे. तिनं कुठं बसायचं ते आधी सांग मला." हे बोलायला नको होतं, पण भीती बोलत होती, मी कुठली. तो "बरं" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. सुनेला मी दोन दिवसांपूर्वीच तिच्या माहेरी पाठवून दिलं होतं. नवऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

सामना भर दुपारी होता. दुकानं बंद, रस्ता ओस. नवरा खाली दुकानात शटर अर्धं ओढून काच कापत बसला होता. सामना तो कधीच बघत नाही. वर आमच्या खोलीत मी टीव्ही लावला, तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. चिमणीची आई आली होती.

चिमणी म्हणजे संघातलं सगळ्यात लहान पोर. एकोणीस वर्षांचा, अंगानं किडमिडीत, पण मैदानात असा टुणटुणतो की सगळा देश त्याला चिमणीच म्हणतो. त्याची आई पलीकडच्या गल्लीत राहते, बेकरीत पहाटेच्या पाळीला जाते. घरात मायलेक दोघंच. तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं, ते धुवायचंही सुचलं नव्हतं.

"ताई, एकटीनं बघवेना," ती म्हणाली. "तुम्हाला सवय आहे. माझे तर हातपाय गार पडलेत."

मला काय सवय असणार, कपाळ. पण तिला बसवलं, पाणी दिलं. गोड स्वभावाची बाई. चेंडू चिमणीच्या पायाशी आला की ती डोळे मिटायची आणि गेला की विचारायची, "गेला का?" एकदा त्यांच्या एका आडदांड खेळाडूनं त्याला धक्का दिला, तर ही बाई टीव्हीला म्हणते, "मेल्या, तुझ्या घरी लहान भाऊ नाही का." मला हसू आलं. थोडा वेळ बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण गोल काही होईना. इकडे नाही, तिकडे नाही. जादा वेळही तसाच सरत चालला. सामना सांगणारा खुशीत येऊन म्हणाला, "पुन्हा पेनल्टी. इतिहास बदलणार का?" मग पुन्हा ती फिल्म. चिमणीच्या आईनं माझा हात धरला. तिला वाटलं, मला जुनं आठवून त्रास होतोय. मला त्रास होत होता तो पुढचं दिसून.

शिट्टी झाली. खेळाडू रिंगण करून उभे राहिले, मधे कोच. कॅमेरा अगदी जवळ गेला. कोचनं काहीतरी विचारलं आणि हात वर झाले. एक, दोन, मग आणखी दोन. माझा मुलगा खाली वाकून मोजे नीट करत होता. मोजे नीटच होते. कोच त्याच्याकडे बघत राहिला. तो वर बघेना. मग घोळक्याच्या कडेनं एक बारीकसा हात वर गेला.

"अगंबाई, ह्यानं कशाला हात वर केला?" चिमणीची आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पण शेवटची कप्तानच मारतो ना, ताई?"

"मारेल की," मी म्हणाले.

तोंडातून गेलं ते गेलं. माझ्या मुलानं माझं ऐकलं होतं. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तसं काहीच झालं नाही. उलट शेजारी बसलेल्या बाईकडे मला बघवेना. तिच्या हातावरचं पीठ आता माझ्या हाताला लागलं होतं.

त्यांची पहिली आत. आपली पहिली आत. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या आत, दोन्हीकडच्या. प्रत्येक वेळी आसपासच्या घरांतून आरडाओरडा व्हायचा आणि पुन्हा सगळं चिडीचूप. खाली काच कापायचा आवाज कधी थांबला ते मला कळलं नाही. नवरा वर येऊन दाराशी उभा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्यांची पाचवी आत गेली. आता आपली पाचवी. ती चुकली की संपलं.

मधल्या रेषेवर सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते. त्यातून चिमणी निघाला. एकटाच चालत निघाला. एवढं मोठं मैदान आणि त्यात ते एवढंसं पोर.

सामना सांगणारा गोंधळला. "कप्तान नाही? हा आश्चर्याचा धक्का आहे. इतक्या वर्षांत त्यानं एकही पेनल्टी चुकवलेली नाही." कॅमेरा माझ्या मुलावर गेला. त्याची मान खाली होती.

नवरा माझ्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, "तू काही बोलली होतीस त्याच्याशी?"

मी टीव्हीकडेच बघत राहिले. त्याला तेवढं पुरलं. त्या वेळी बावीस वर्षांचा होता तो, आणि खांबावर चेंडू आपटल्यावरही त्यानं कधी कुणाला दोष दिला नव्हता. आता तो एवढंच म्हणाला, "मी मारायला गेलो तरी होतो."

चिमणीची आई काहीच ऐकत नव्हती. तिचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. मी मात्र उघड्या डोळ्यांनी बघितलं. चिमणीनं चेंडू ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. धावत आला आणि डावीकडे मारला. त्यांचा गोलकीपर आधीच तिकडे पोचला होता.

"गेला का?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणाले.

तिनं डोळे उघडले. टीव्हीवर चिमणी तोंड झाकून उभा होता. बाहेर आधी काहीच आवाज नव्हता. ती शांतता मला पाठ आहे. मग कुठंतरी बाटली फुटली. कुणीतरी शिवी हासडली. मग पुष्कळ दारं उघडल्याचा आवाज आला आणि माणसं रस्त्यावर उतरू लागली.

मी उठले. पडदे ओढले, टीव्ही बंद केला, तिला खिडकीपासून लांब भिंतीशी बसवलं. हात आपोआप चालत होते. तिचा फोन वाजायला लागला. एक, मग दुसरा, मग थांबेचना. तिनं एक संदेश उघडला आणि तिचा चेहरा उतरला.

"वाचू नकोस," मी म्हणाले आणि फोन काढून घेऊन बंद केला. "आज घरी जायचं नाही. इथंच राहा. पोरालाही सांगू, थोडे दिवस परतू नको म्हणून. मला माहितीय हे सगळं."

"पण ताई," ती म्हणाली, "शेवटची कप्तानाची असते ना? मग माझ्या पोराला का पाठवलं?"

खाली घोळका जमला होता. "चिमणीचं घर कुठंय?" असं कुणीतरी ओरडलं, आणि कुणीतरी सांगितलंही. नवऱ्यानं चपला घातल्या आणि तो जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलाचा होता.

"अरे, तू कसा आहेस?" मी विचारलं.

"आई, चिमणीच्या आईचा फोन बंद लागतोय. आपल्याकडे आलीय का? आहे तिथं?"

"आहे. तू आधी माझं ऐक—"

"तिला फोन दे."

"आत्ता नको. ती घाबरलीय. उद्या बोल. मी समजावते तिला."

"आई, तिला फोन दे."

फोन बंद करता आला असता. लागत नाहीये म्हणता आलं असतं. अशा दिवशी कुणाला संशयही आला नसता. बाहेरच्या माणसांची मला वाटत होती त्याहून जास्त भीती मला आता त्या एका बाईची वाटत होती, जी भिंतीला टेकून माझ्याकडे आशेनं बघत होती. नवरा जिन्याच्या तोंडाशी उभा राहून बघत होता. मी फोन तिच्या हातात दिला.

ती ऐकत राहिली. माझा मुलगा रडत होता, ते मला इथवर ऐकू येत होतं. ती मधेच एकदा म्हणाली, "कुणी घातली शपथ?" आणि मग तिनं विचारणं थांबवलं, कारण उत्तर तिला मिळालं होतं. शेवटी ती म्हणाली, "माझ्या पोराजवळ बस, बाळा. त्याला एकटं सोडू नकोस." फोन तिनं माझ्या हातात दिला नाही, पलंगावर ठेवला.

मग ती उठली आणि पायात चपला सरकवू लागली.

"कुठं निघालीस? बाहेर माणसं आहेत," मी म्हणाले. "अगं, तुला माहीत नाही काय करतात ती."

"असू देत, ताई," ती म्हणाली. "इथं नाही बसवणार मला."

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवला, झटकला नाही, नुसता सोडवला. नवरा तिच्या पुढं झाला आणि जिना उतरू लागला. मी वरून हाका मारत राहिले, आधी तिला, मग त्याला. कुणी मागे वळलं नाही. खाली शटर वर गेल्याचा आवाज आला. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. टकल्या डोक्याचा माझा नवरा पुढं आणि ती त्याच्या मागं, अशी ती दोघं पलीकडच्या गल्लीकडे निघाली होती. कुणीतरी त्यांना ओळखलं, बोट दाखवलं, आणि सगळा घोळका तिकडं वळला. आमच्या घराकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.