टूथपेस्टने बुजवलेली भोकं

दोन वर्षं मुक्काम ठोकून धाकटा दीर स्वतःच्या घरी गेला, तेव्हा वहिनीला मनापासून हायसं वाटलं. त्या खोलीत आता तिची आई राहायला येणार होती, रविवारी. म्हणून बुधवारी वहिनी रंगाचा डबा घेऊन आत शिरली आणि आधी भिंती पुसायला लागली.

पलंगाच्या वरच्या बाजूला पांढरे ठिपके होते. ओलं फडकं फिरवलं तसे ते विरघळायला लागले आणि पुदिन्याचा वास सुटला. तिने बोट लावून पाहिलं. टूथपेस्ट! खरवडली तर भोकातून टिश्यूचा बोळा निघाला, नाक शिंकरलेला, वाळून पिवळा पडलेला. दुसऱ्या भोकात चघळलेलं च्युइंगगम होतं, दातांच्या खुणा अजून शाबूत. तिसऱ्यात रंग खरवडायच्या पत्र्याचं टोक घातलं मात्र, मुंग्यांची रांग बाहेर पडली आणि त्यांच्यामागून एक बारकं झुरळ, मिशा हलवत, अगदी निवांत.

वहिनीने पत्रा तिथेच टाकला. तोंडावर पदर धरून ती बेसिनकडे धावली.

संध्याकाळी नवऱ्याने सगळं बघितलं आणि खांदे उडवले. "वरून रंग मारून टाक ना. कुणाला दिसतंय?"

"माझी आई या भिंतीला टेकून बसणार आहे."

"मग? भिंत काय चावणारे तिला?"

तिने दिराला फोन लावला. दुसऱ्या दिवशी तो बिस्किटांचा पुडा घेऊन हसत हसत आला. वहिनीने पुडा बाजूला ठेवला आणि त्याच्या हातात पत्रा दिला.

"एवढं काय त्यात, वहिनी? पोस्टर लावायला चार खिळे मारले होते."

"खिळ्यांचं काही नाही रे. पण तुझ्या नाकातलं माझ्या भिंतीत कशाला?"

दिराचे कान लाल झाले. "मला दादानेच शिकवलं. म्हणाला, पुट्टी आणायला कोण जातंय! हॉलमध्ये त्यानेही असंच केलंय."

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. तो टीव्हीचा रिमोट शोधायला लागला.

ती हॉलमध्ये गेली. सोफ्यामागे तसाच एक ठिपका होता. अकरा वर्षं ती त्यावरून फडकं फिरवत आली होती, कोरडं. त्याच जागी डोकं टेकून तिने मुलीला पाजलं होतं. तिने पत्र्याने टोकरलं. कापसाचा बोळा खाली पडला, मळकट तपकिरी, चिकट.

"हे काय आहे?"

नवऱ्याने वाकून पाहिलं. "कान साफ केलेला कापूस असेल. अगं, माझ्याच कानातला आहे, दुसऱ्या कुणाचा नाही."

हे तो तिची समजूत घालायला बोलला होता. वहिनीच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. ती ओरडली नाही. ओरडायला तोंड उघडावं लागलं असतं.

"दोघंही खाली बसा," ती दात आवळून म्हणाली. "एकेक भोक साफ झाल्याशिवाय उठायचं नाही. आणि उचललेलं सगळं पिशवीत. जमिनीवर कण दिसता कामा नये."

दोघा भावांनी वहिनीच्या आईसाठीची खोली कोरून काढली. नवऱ्याला स्वतःलाच दोनदा उमासे आले, तेव्हा वहिनीला जरा बरं वाटलं. धूळ झटकून, पाणी शिंपडून तिने स्वतः पुट्टी भरली. ती वाळून बसली तशी पुन्हा एक पातळ हात दिला. शुक्रवारी घासकागद फिरवला, शनिवारी रंग. तळहात फिरवला तर भोक कुठे होतं ते कळेना. तरी तिने तीन वेळा साबणाने हात धुतले.

हॉलला वेळच उरला नाही, तो अजून तसाच होता. तिथे तिला बसवेना.

रविवारी आई आली, भिंतीला पाठ टेकून बसली आणि म्हणाली, "खोली कशी लख्ख ठेवलीस गं!" मायलेकी चहा घेत बसल्या. नवऱ्याने दारातून डोकं घातलं.

"मी पण येऊ का?"

"ये," वहिनी म्हणाली. "पण कशाला हात लावू नकोस."