वारा सरला का?

टायरवाल्याच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती, मग डॉक्टरांनी भर वॉर्डात ‘वारा सरला का?’ विचारलेलं त्याला कसं खपावं? जन्मभर लोकांच्या चाकांत हवा भरली, आणि आता त्याच्याच हवेची चौकशी! रोग लागलेलं मूत्राशय काढून, आतड्याचा तुकडा कापून लघवीला नवी वाट करून दिली होती. आतडं पुन्हा चालू झाल्याची खूण म्हणजे वारा. तोवर जेवण बंद.

चौथ्या दिवशी त्यानं चादरीआड बायकोचं मनगट पिरगाळलं. ‘‘सांग, सरला म्हणून.’’

‘‘सरला,’’ ती म्हणाली. टायर उकलायच्या लोखंडी टॉमीचा वीस वर्षं मार खाल्लेल्या बाईला खोटं बोलायला कितीसा वेळ लागतो? जेवण सुरू झालं.

सहाव्या दिवशी सकाळी पोट टम्म फुगलं. हिरवी उलटी भिंतीपर्यंत उडाली. नाकातून नळी घालायला आलेल्या सिस्टरच्या पोटात त्यानं लाथ हाणली. बायको मध्ये पडली, तर त्यानं उगारलेला सलाईनचा स्टँड तिच्याच कानशिलावर बसला. कान फाटला, पदर रक्तानं भिजला. तरी त्यानं तिची वेणी मुठीत धरून तिला खाटेवर ओढलंच.

डॉक्टर एक्स-रे घेऊन धावत आले. ‘‘आतडं अडकलेलं दिसतंय. बाई, खरं सांगा, वारा सरतोय का? सरत असेल तर नळी घालून उद्यापर्यंत वाट बघू. नसेल तर आत्ताच पोट उघडायला हवं. उशीर झाला तर आतडं सडेल, माणूस हाती लागायचा नाही.’’

‘‘सरतोय म्हण!’’ टायरवाला दातओठ खात म्हणाला. ‘‘पुन्हा चिरून घेणार नाही मी!’’ वेणीला हिसका बसला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. आजवर त्याचा कुठला हुकूम तिनं मोडला होता? तिला भीती वाटली नाही, दयाही आली नाही. आनंद झाला, आणि त्याची लाजही वाटली नाही.

‘‘सरतोय, डॉक्टर,’’ ती म्हणाली. ‘‘सकाळीच दोनदा सरला.’’

टायरवाल्याची मूठ सैल झाली. उशीवर मान टाकत तो वीस वर्षांत पहिल्यांदा तिला म्हणाला, ‘‘शाब्बास.’’