नवखंडातली चौकशी

आमच्या भावकीत कुणाच्या पोरीला स्थळ आलं की मुलगा पाहण्याआधी मला फोन येतो. चौकशी करायची ती महिपतीनं, हा रिवाज कुणी घातला ठाऊक नाही, पण मी तो मोडू दिलेला नाही. सोलापूरच्या बाजार समितीत माझी कांद्याची आडत आहे. गोणीच्या तोंडाशी कांदा नेहमीच चांगला असतो. हात कोपरापर्यंत आत घातल्याशिवाय मी भाव बोलत नाही. माणसांचंही तेच. मुलाच्या घरचा चहा म्हणजे गोणीचं तोंड. खरा माल न्हाव्याकडे, पानटपरीवर आणि सोसायटीच्या वॉचमनकडे सापडतो. अशा चौकश्यांतून मी किती लग्नं जुळवली ते आता आठवत नाही. मोडली किती, ते मात्र लोक न विचारता सांगतात.

यंदा पाळी माझ्याच घरात आली. माझी धाकटी बहीण बजाबाई माढ्याला असते. तिची मुलगी उत्कर्षा कॉलेजला आल्यापासून शुक्रवार पेठेत माझ्याकडे राहते. आता एम.एस्सी. झाली, तरी माढ्याला परत जायचं नाव नाही, आणि आम्हीही काढत नाही. तिला स्थळ आलं. मुलगा पृथ्वीराज, जुळे सोलापुरात फ्लॅट, कंपनी पुण्याची, काम घरी बसून. बजी फोनवर म्हणाली, "दादा, तू व्हय म्हणलास तर व्हय, न्हायतर न्हाय. तवर मी पोराचं तोंडबी बघणार न्हाय."

उत्कर्षा शेजारी बसून मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण पानं केरात टाकून काड्या पातेल्यात ठेवायला लागली. मुलगी लाजते आहे, असा अर्थ मी काढला. चौकशीतला माणूस म्हणून माझं नाव आहे, हे वर सांगितलंच.

कामाला लागलो तर पहिल्याच दिवशी हात टेकले. न्हाव्याने मुलाला कधी पाहिलेलं नव्हतं. किराणावाला म्हणाला, त्यांचं सगळं मोबाइलवरून येतं. टपरीवर उधारी नाही, भांडण नाही, साधी ओळख नाही. वॉचमन म्हणाला, "सायेब, पार्सल रोज दिसतंय, माणूस काय दिसत न्हाय." ज्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही, त्याची चौकशी करायची कुठे?

घरी येऊन हे बोललो तेव्हा उत्कर्षा अगदी सहज म्हणाली, "मामा, तो नवखंड खेळतो म्हणे. ऑनलाइन. काम संपलं की तितंच असतो. सगळी माणसं तितंच वळखत असतील त्याला."

"मग चल तितं," मी म्हणालो.

नवखंड हा कॉम्प्युटरवरचा खेळ. देशभरातली हजारो माणसं एकाच वेळी त्यात हिंडतात. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, राक्षस मारायचे, एकेक पातळी चढत मोठं व्हायचं. उत्कर्षाने तिचा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. खेळाने सुरुवातीलाच जात विचारली. मानव, वनचर, बुटके की शिंगवाले? मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मी मानव घेतला. मग मिशा निवडायच्या होत्या, त्यात माझा बराच वेळ गेला. धंद्यांत आडत्या नव्हता, म्हणून नाइलाजाने योद्धा झालो. नाव ठेवलं 'पाहुणा', कारण चौकशीला जाताना आम्ही नेहमी पाहुणे म्हणूनच जातो.

माझा योद्धा एका वाडीत उगवला. हातात लाकडी तलवार, अंगात फाटकी बंडी. समोर एक दाढीवाला म्हातारा उभा होता. तो म्हणाला, "हे वीरा, रानडुकरांनी उच्छाद मांडला आहे. दहा डुकरं मारून ये."

मी टाइप केलं, "रामराम. आपलं गाव कोणतं?"

तो म्हणाला, "हे वीरा, रानडुकरांनी उच्छाद मांडला आहे."

"मामा, तो खरा माणूस न्हाय," उत्कर्षा म्हणाली. "तो खेळातलाच हाय. त्याला तेवढंच येतं."

"मग चौकशीला बिनकामाचा," म्हणत मी वाडीतल्या विहिरीवर जाऊन बसलो. नव्या गावात गेलं की आधी चार माणसं बसतात ती जागा गाठायची, ही माझी पद्धत. तिथे मला एका डुकराने मारलं. पुन्हा उगवलो, पुन्हा विहिरीवर बसलो, पुन्हा मारलं. शेवटी उत्कर्षा वैतागली. तिने मला कोणतं बटण दाबायचं ते शिकवलं आणि आम्ही दोघांनी मिळून ती डुकरं एकदाची संपवली. माझी पातळी चारवर गेली. अंगावर चामड्याचं चिलखत आलं. खरं सांगतो, जरा बरं वाटलं.

मग मी लिहिलं, "माढ्याच्या पाहुण्यांकडून चौकशी. जुळे सोलापूरचा पृथ्वीराज मुलगा म्हणून कसा आहे? खरं सांगावे, नाव बाहेर जाणार नाही." मला वाटलं, हे विहिरीपुरतं आहे. ते सगळ्या नवखंडात मोठ्या अक्षरांत झळकलं. कुठल्या कुठल्या गावची माणसं हसायला लागली. एकाने विचारलं, आमच्या बहिणीसाठी आणखी एखादं स्थळ आहे का?

पण उत्तर आलं. पृथ्वीराज तिथल्या 'भुईकोट मंडळा'चा सेनापती निघाला. सोलापूरकर तिथे गेले तरी मंडळ काढणारच. थोड्या वेळाने त्या मंडळाची माणसं विहिरीवर जमली. दोन डोक्यांचा एक हिरवा राक्षस माझ्यापुढे वाकून म्हणाला, "मुलगा अत्यंत सालस आणि निर्व्यसनी आहे." मागून पंखवाल्या वाघावर बसून एक वनचर बाई आली. तीही म्हणाली, "मुलगा अत्यंत सालस आणि निर्व्यसनी आहे. मोठ्यांचा मान राखतो." एका बुटक्यानेही तेच सांगितलं, फक्त त्याने मान आधी राखला आणि सालस मागून आणला.

मी लॅपटॉप मिटला. "हे स्थळ मला पटलेलं न्हाय," मी म्हणालो.

उत्कर्षाचा चेहरा खर्रकन उतरला. "का? सगळे चांगलंच सांगत्यात की!"

"तेच तर. एवढी माणसं आन् एकाची तक्रार न्हाय? कुणीतरी पढवून पाठवल्याली हायत. उद्या बजीला न्हाय म्हणून कळवतो."

ती उठून आत गेली. मोरीतला नळ बराच वेळ वाहत राहिला. मला वाटलं, पोरीने त्या मुलाचा फोटो जरा जास्तच वेळा पाहिला असावा. वाईट वाटलं, पण चौकशीत माया आणली की पोरगी खड्ड्यात जाते.

तरी काम अर्धं सोडायची मला सवय नाही. मुलाचं वाईट सांगणारा माणूस भेटल्याशिवाय मी चौकशी पुरी समजत नाही. दुसऱ्या दिवशी लिलाव आटोपून दुपारी घरी आलो. उत्कर्षा बाजारात गेली होती. लॅपटॉप उघडून मी विहिरीवर विचारलं, भुईकोट मंडळाचं कुणाशी वाकडं आहे का? सगळे एकदम म्हणाले, अक्कलकोटचा बसू. काळ्या खिंडीपलीकडे असतो.

खिंडीत लांडगे होते. मी मेलो. पुन्हा गेलो, पुन्हा मेलो. शेवटी एका लांडग्याला दुसऱ्याच कुणीतरी गुंतवलं तेवढ्यात पळत पलीकडे गेलो. तिथे काळं चिलखत घातलेला एक धिप्पाड गडी कुऱ्हाड घेऊन उभा होता. लॅपटॉपमधून त्याचा आवाज आला. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी होत होती.

"कोण ओ? चौथ्या पातळीवर हिकडं आलाव? मरताल की."

"मरत मरतच आलोय," मी म्हणालो. "सोयरिकीची चौकशी हाय."

माझा आवाज ऐकून आणि सोयरिक म्हटल्यावर त्याने कुऱ्हाड खाली ठेवली आणि मांडी घालून बसला. "बसा अण्णा. कुणाची?"

"पृथ्वीराजची."

"त्याचं नाव काढू नका!" बसू उसळला. "पयला आमी एकाच मंडळात हुतो. मोठा किल्ला घ्यायला गेलतो. दरवाजा मोडला, आता आत शिरायचं, तर आमचा हा सेनापती म्हणतो, थांबा, बायकोचा पेपर हाय, तिला रिक्षा मिळंना, सोडून येतो. गेला की, अण्णा! यप्पा, एवढी माणसं दारात उभी, आन् ह्यो मोटारसायकलवर. किल्ला गेला. आसला माणूस काय कामाचा?"

मी इतकी वर्षं माणसांची निंदा ऐकत आलो. इतकी चांगली निंदा माझ्या कानावर कधी आली नव्हती. पण त्यातला एक शब्द खटकला.

"बायको? लग्न झालंय त्याचं?"

"हौद, व्हय अण्णा, झालंय की. हितंच, नवखंडात. वरातीत मी सोता नाचलोय."

"ही बायको खरी हाय का त्या डुक्करवाल्या म्हाताऱ्यासारखी?"

"खरी हाय ओ. सोलापूरचीच पोरगी. शुक्रवार पेठेत मामाकडं राहती. मामा कांद्याचा आडत्या हाय म्हणं."

माझा योद्धा होता तिथेच उभा राहिला. माझे हात बटणांवरून खाली आले. पण सवय वाईट असते. तोंडातून प्रश्न निघालाच, "मामा कसा हाय?"

"लई खवट म्हणत्यात," बसू म्हणाला. "लोकांची पोरं बघायला जातो आन् खोट काढून येतो. त्याच्या भ्यानं दोघं गप बसल्यात. मी तिला म्हणलो, सोड की त्या म्हाताऱ्याला, पळून जा. तर माझ्यावरच आली अण्णा! म्हणली, मामाच्या शब्दाबिगर मी घरातनं पाऊल काढणार न्हाय, आन् माझ्या मामाला म्हातारा म्हणायचं न्हाय."

मी रामराम घालून लॅपटॉप मिटला आणि उत्कर्षाची वाट पाहत ओट्यावर बसलो. संताप आला होता. माझ्याच घरात बसून, माझ्याच हातात डुकरं मारायचं बटण देऊन, मलाच विहिरीवर पढवलेले साक्षीदार पाठवले! सगळ्या भावकीत उद्या हसं होणार. आता तर नकार पक्का, असं मी मनाशी ठरवलं.

ती आली. मी एवढंच विचारलं, "नवखंडात तुझं लग्न लागलंय?"

तिच्या हातातली पिशवी खाली पडली. "व्हय मामा. पर ते खेळातलं हाय. खरं न्हाय."

"खेळातलं काय आन् बाहेरचं काय? वरात निघाली, अक्कलकोटची माणसं नाचली, जेवून गेली..."

"जेवण न्हवतं मामा."

"जेवणबी न्हवतं? दाखव मला. त्याचं काय चित्र असंल तर दाखव."

तिने डोळे पुसत लॅपटॉप उघडला आणि जपून ठेवलेला व्हिडिओ लावला. दगडी महाल होता. अस्वलाचं सोंग घेतलेला भटजी मंगलाष्टका म्हणत होता, आणि त्या शुद्ध होत्या. कुणाचा तरी झेंडा अंतरपाट म्हणून धरला होता. नवरदेवाच्या मागे त्याचा मामा म्हणून एक डोळ्याचा राक्षस उभा होता. नवरी शिंगवाली होती, हळूहळू चालत आली आणि पाटावर उभी राहिली. तिच्या मागे नुसती फरशी.

"हिच्या मागं मामा कुठं हाय?" मी विचारलं.

"कुणीच न्हाय," उत्कर्षा म्हणाली. "मंडळातले लई जण उभं राहतो म्हणले. मी म्हणलं, ती जागा माझ्या मामाची हाय. तितं दुसरं कुणी उभं राहायचं न्हाय. रिकामी राहू दे."

मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नाही, पोरीने पाहिलंच. माझ्याशी खोटं बोलली त्याचा राग होताच, तो अजूनही थोडा आहे. पण त्या रिकाम्या फरशीकडे पाहून माझ्या छातीत जे काही झालं, त्यापुढे तो राग टिकेना. तेवढ्यात फोन वाजला. बजी होती.

"दादा, काय निघालं चौकशीत? लपवल्यालं काय न्हाय नव्हं?"

उत्कर्षाने दाराची चौकट घट्ट धरली. मी खोटं बोलणार नव्हतो. चौकशीत मी आजवर खोटं बोललेलो नाही.

"बजा, पोराचं एक लग्न लागलंय असं लोक सांगत्यात," मी म्हणालो. पलीकडे बजीचा श्वास अडकला, इकडे पोरीचा. "मी सोता बघितलं. माणसं हुती, मंगलाष्टका हुत्या, पर नवरीच्या मागं मामा न्हवता. मामा न्हवता म्हंजे ते लग्न लागलंच न्हाय. पोरगा बिनलग्नाचा हाय. तारीख बघा."