माइक चालू राहिला त्या दुपारी

मित्रांनो, उरवड्याच्या शाळेमागच्या मैदानावर कधी कबड्डी बघायला आलात, तर रस्त्याकडेच्या चिंचेच्या झाडावर एकदा नजर टाका. करड्या रंगाचा, कडेला पोचा आलेला, धोतऱ्याच्या फुलासारख्या तोंडाचा एक जुना कर्णा तिथे काथ्याने बांधलेला दिसेल. तो मी. कुणी मला लाउडस्पीकर म्हणतं, कुणी भोंगा म्हणतं. मला सगळं चालतं.

माझा जन्म पुण्यातल्या एका अरुंद गल्लीतला. एका कारागिराने ॲल्युमिनियमचा पत्रा साच्यावर दाबला, ठोकला, घासला आणि मला आकार दिला. मग रंग वाळायला दोरीवर उलटं टांगून ठेवलं. तिथून इलाहीचाचांनी मला पौडला आणलं. पौडच्या बाजारपेठेत त्यांचं मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान आहे. एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतलं होतं आणि शेजारच्या बाईंनी विचारलं होतं, "नवा दिसतोय. आवाज कसा हाय?" चाचा म्हणाले होते, "अजून बोलला न्हाई. लग्नात बोलंल."

आणि मी बोललो. किती लग्नांत मंगलाष्टकं म्हटली, त्याची गणती नाही. हरवलेली शेळी शोधून दिली. पोलिओचे डोस कुठे मिळणार ते सांगितलं. उद्या नळाला पाणी येणार नाही, हेही मीच सांगायचो, आणि शिव्याही मलाच बसायच्या. एकदा एका मामांनी माइकवर नवरदेवाऐवजी त्याच्या वडिलांचं नाव घेऊन मुहूर्त जवळ आल्याचं जाहीर केलं. सगळा मांडव हसला. माझी काही चूक नव्हती. माइक हा माझा कान आणि मी नुसतं तोंड. कानात जे पडेल ते तोंडातून बाहेर पडणार. बोलायचं की गप्प राहायचं, हे मला ठरवता येत नाही.

मग मोठमोठ्या खोक्यांचे स्पीकर आले. त्यांच्या दणक्याने खिडक्या थरथरू लागल्या आणि मला कुणी विचारेना. सहा वर्षं मी दुकानाच्या माळ्यावर पडून होतो. गांधीलमाश्यांनी माझ्या घशात पोळं केलं. वाईट वाटायचं, पण माश्यांचा सहवास होता, हेही खरं.

मला खाली उतरवलं ते कबड्डीने. उरवड्याच्या जत्रेतल्या सामन्यांचं समालोचन बहिरू करायचा. हा बहिरू पिरंगुटच्या एका कारखान्यात कामाला आहे आणि कबड्डीचं त्याला वेड आहे. तो चाचांकडे तक्रार घेऊन आला. "चाचा, ह्या खोक्यातनं नुसतं धुडूम धुडूम ऐकू येतंय. कुणी कुणाला बाद केलं ते कळंना." चाचांनी माळ्याकडे पाहिलं, माश्यांना धूर दिला आणि मला पुसून बाहेर काढलं. तेव्हापासून दर जत्रेला चिंचेवरची जागा माझी. उघड्या मैदानात माझ्या तोंडून शब्द सुटा सुटा ऐकू येतो, हे माझं कौतुक मी स्वतःच करतो. दुसरं कोण करणार?

आता गेल्या चैत्रातल्या जत्रेची गोष्ट सांगतो.

त्या वर्षी सामन्यांत खेळायला इंद्रजित येणार होता. इंद्रजित शेजारच्या नेऱ्याचा. आता तो टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या स्पर्धांत खेळतो. त्याची चढाई सुरू झाली की समोरचे सातही जण मागे सरकतात. जत्रेच्या मंडळाने त्याचा सत्कार ठरवला होता. शाल, नारळ, पुष्पगुच्छ, सगळं तयार होतं.

पण त्याच्या नावामागे एक जुनी गोष्ट होती. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी तो खेळला होता. सामना अगदी एका गुणाने गेला. बाचाबाची झाली, दगड उडाले आणि पंचाच्या उजव्या कोपराचा चुरा झाला. ते पंच म्हणजे आमचे नरहरी मास्तर. शाळेत त्यांनी तीस वर्षं खेळ शिकवले. इंद्रजितवर आरोप झाला, खटला चालला. साक्षीदारांपैकी कुणीच काही पाहिलं नव्हतं, म्हणून तो सुटला. मी तिथे नव्हतो, तेव्हा मी काही सांगू शकत नव्हतो. मात्र जे तिथे नव्हते असे कितीतरी लोक छातीठोकपणे सांगत होते. निम्मे म्हणायचे त्यानेच मारला, निम्मे म्हणायचे ते शक्यच नाही.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. समालोचनाच्या टेबलाजवळ माझा जोडीदार, दुसरा एक कर्णा, बांधलेला होता. तो सारखा किंचाळत होता, म्हणून चाचांनी त्याची वायर काढली आणि ते जेवायला गेले. टेबलाशी दोघंच उरली. एक बहिरू आणि दुसरी साधना. साधना गुणलेखक होती. लग्नाआधी ती स्वतः तालुक्याच्या संघातून खेळायची, आता बालवाडीत शिकवते. शेजारी जनरेटर घरघरत होता. बहिरूने माइक टेबलावर आडवा ठेवला, पण बटण बंद करायचं राहिलं. आणि मी, दूर चिंचेवर, गावाकडे तोंड करून जागाच होतो.

"ताई, आता इंद्रजित आला की लोक मैदान डोक्यावर घेत्यात बघा," बहिरू म्हणाला.

"घेऊ दे. त्याच्या चढाईला मी पण टाळ्या वाजवीन," साधना म्हणाली. "पर सत्कार कशाला? नरहरी मास्तरांचं घर हितनं दिसतंय."

माझ्याखाली चिंचेच्या सावलीत पंगत बसली होती. आमटी-भात कालवणारे हात थांबले.

"कोर्टानं सोडलंय त्याला. तुमी कोर्टापरीस मोठ्या का?"

"सोडलं व्हय. कुणी बघितलं न्हाई म्हून सोडलं. दोनशे माणूस होतं मैदानात. अन् बघितलं कुणीच न्हाई?"

"मोठा झाला की लोक पाय वढत्यात, ताई. जळणारी लई असत्यात."

"मी कशाला जळू? माझ्या पोरीच्या दप्तरावर त्याचाच फोटो हाय. म्हून तर टोचतंय. ती मला इचारती, आई, ह्यानं मास्तरांना खरंच मारलं का. मी काय सांगू तिला?"

"न्हाई मारलं, असं सांगा."

"तुला ठाऊक हाय का तसं?"

माझ्यातून फक्त जनरेटरची घरघर जात राहिली.

"न्हाई," बहिरू म्हणाला. "पर मला तसं वाटतंय."

"अन् मला उलटं वाटतंय. दोघांना नुसतं वाटतंय. दहा वर्सं आपण मास्तरांच्या दारावरनं मैदानावर येतोय. त्यांना कधी इचारलं का कुणी?"

मित्रांनो, त्या क्षणी मला स्वतःच्या तोंडात बोळा कोंबावासा वाटला. कारण मला खालचा रस्ता दिसत होता. एक पांढरी गाडी नुकतीच सावलीत येऊन थांबली होती. काच खाली होती आणि आत इंद्रजित बसला होता. आणि रस्त्यापलीकडच्या ओसरीवर नरहरी मास्तर चिंचा फोडत होते. त्यांच्या हातातला बत्ता थांबला होता.

इलाहीचाचा खरकट्या हातानेच धावत टेबलाकडे गेले. "बहिरू, बटण," एवढंच ते म्हणाले. मग खट् असा आवाज आला आणि मी मुका झालो.

त्यानंतरचं मला नुसतं दिसलं. इंद्रजित गाडीतून उतरला. पंगतीतली सगळी माणसं त्याच्याकडे पाहत होती. गाडी मागे वळवून तो निघून गेला असता, तरी कुणी अडवलं नसतं. त्याने रस्त्याच्या वळणाकडे एकदा बघून घेतलं आणि मग तो पायी मैदानाकडे निघाला. थोड्या वेळाने पुन्हा खट् झालं. माझ्या कानात एक श्वास आला, खेळाडूचा असतो तसा, खोल.

"मी इंद्रजित. नेऱ्याचा. साधनाताईंच्या पोरीला उत्तर द्यायचं हाय. दगड मी मारला. मास्तरांना मारायचा म्हून न्हवता मारला. रागात गर्दीवर भिरकावला. पर हात माझाच होता. त्यांना लागलेलं मी बघितलं, अन् पळालो. एकोणीस वर्सांचा होतो, पर तेवढं सांगून मला सुटायचं न्हाई. कोर्टात गप बसलो. नंतर हितं यायची हिंमत झाली न्हाई. लांबच्या रस्त्यानं जायचो. बहिरूदादा, तुमी माझ्यासाठी लई भांडलात. तुमाला खोट्यात पाडलं मी."

मी कितीतरी आवाज उचलले आहेत, पण इतका जड आवाज तोवर उचलला नव्हता.

मास्तर ओसरीवरून उठले. हाताला चिंचेचा गर तसाच होता. ते सावकाश चालत मैदानाकडे गेले आणि लोक बाजूला होत गेले. इलाहीचाचा मागे परत आले, शिडी लावून वर चढले आणि त्यांनी मला गावाकडून मैदानाकडे वळवलं. "तूबी बघ," असं ते पुटपुटले. मला वाटतं ते माझ्याशीच बोलले.

मास्तरांनी डाव्या हातात माइक घेतला. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "दगड लागल्यावर मी वळलो. तवा ह्याचा हात अजून वरच होता."

"मग मास्तर, कोर्टात का न्हाई सांगितलं?" साधनाने विचारलं.

"पोरगं चांगलं खेळत होतं. वाटलं, दोन दिसांनी येईल घरी. मग दोघं मिळून जाऊ अन् काय झालं ते सांगू. हा आला न्हाई. तारीख आली, अन् ह्याचं नाव माझ्या तोंडातनं निघंना. ते बरं केलं का वाईट, मला अजून कळंना. पर साधना, तू इचारलंस ते लई बरं केलंस. हे सगळे इंद्रजितचंच नाव घेऊन भांडत्यात. माझं नाव कुणी घेतच न्हवतं."

इंद्रजित वाकला, तशी मास्तरांनी त्याला खांद्याला धरून थांबवलं. "पाया नंतर पड. माफीचंबी मागाहून बघू. सामन्याला उशीर होतोय."

इंद्रजित ताठ उभा राहिला. "मास्तर, ह्या सामन्याला तुमी पंच व्हाल का? सत्कार नको मला."

मास्तरांनी मैदानाकडे पाहिलं. दहा वर्षांत त्यांनी शिट्टी वाजवली नव्हती. कबड्डीत ज्या बाजूच्या संघाला गुण, त्या बाजूचा हात पंचाने वर करायचा असतो. "उजवा हात खांद्याच्या वर जात न्हाई," ते म्हणाले. "उजवीकडच्यांना गुण कसा देऊ?" मग जरा विचार करून म्हणाले, "फिरून देईन. शिट्टी आणा."

आणि सुरू झाला माझ्या आयुष्यातला सगळ्यात गमतीचा सामना. डावीकडच्या संघाला गुण मिळाला, की मास्तर सरळ डावा हात वर करायचे. उजवीकडच्यांना मिळाला, की ते गर्रकन पाठ फिरवायचे, म्हणजे डावा हात त्या बाजूला यायचा, आणि मग तो वर करायचे. पहिल्या वेळी लोक गोंधळले. दुसऱ्या वेळी हसले. पाचव्या गुणापर्यंत कडेला बसलेली पोरं मास्तरांबरोबर गर्रकन फिरून हात वर करू लागली. मग बायका फिरू लागल्या. इलाहीचाचा शिडीवर फिरायला गेले आणि पडता पडता वाचले. मास्तरांच्या तोंडात शिट्टी होती, म्हणून त्यांना हसता येत नव्हतं. त्यामुळे शिट्टीच मधेमधे फुर्र फुर्र वाजत होती.

सामन्याच्या शेवटी शेवटी इंद्रजितने अशी एक चढाई केली, की तिघांना स्पर्श करून तो माशासारखा निसटला. बहिरू माझ्यातून ओरडत होता, "तीन गुण, तीन गुण." तेवढ्यात शिट्टी वाजली. मास्तरांनी बोट दाखवलं. परत येताना इंद्रजितचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला होता. तो बाद होता. इंद्रजितने खाली रेषेकडे पाहिलं, मान हलवली आणि मुकाट्याने बाहेर जाऊन बसला. बहिरूने घसा साफ केला. "बाद," तो म्हणाला. "मास्तर म्हणत्यात, अन् मीबी बघितलंय." बहिरूला जेवढ्या टाळ्या पडल्या, तेवढ्या सबंध जत्रेत कुणाला पडल्या नाहीत.

नंतर सगळं गोड गोड झालं, असं मी म्हणणार नाही. काहींनी मोबाइलमधला इंद्रजितचा फोटो काढून टाकला. मास्तर आणि इंद्रजित दोघं मिळून तालुक्याला गेले आणि त्यांनी जे घडलं ते लिहून दिलं. पुढे काय व्हायचं ते वकील मंडळी जाणोत, मला कायद्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं, की गावात असला की दर रविवारी इंद्रजित मैदानावर येतो आणि पोरापोरींना चढाई शिकवतो. मास्तर खुर्ची टाकून बसतात आणि त्याच्याही चुका काढतात. "माफ केलं" असं ते अजून म्हणालेले नाहीत. इंद्रजितनेही विचारलेलं नाही.

बहिरू आणि साधना अजून भांडतात. बहिरू म्हणतो, चारचौघांत कबूल केलं म्हणजे झालं. साधना म्हणते, कबूल करायला दहा वर्षं लागली, ती कुणी भरून द्यायची? मधेच मास्तर चहाचा कप खाली ठेवून म्हणतात, "मला इचारा की." मग तिघं मिळून भांडतात. ते ऐकायला मला फार आवडतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना फार काही लागत नाही. वर्षातून एकदा रंगाचा हात फिरवा, पावसाळ्यात तोंडावर फडकं बांधा आणि माळ्यावर टाकलंत तर कधीतरी डोकावून जा. आणखी एक मागणं आहे. कुणी आवडत असो वा नावडत असो, त्याच्याविषयी बोलायच्या आधी ज्याला लागलं, त्याच्या दारात जाऊन या. घर बहुतेक वेळा जवळच असतं.

चला, इलाहीचाचा वायर घेऊन आले. आज मुलींचा सामना आहे आणि साधनाची लेक पहिली चढाई करणार आहे. मला घसा साफ करू द्या.